घाशीराम आमच्याकडचा, डॉक्टर पंढरपूरचे

घाशीराम सावळादास मूळचा औरंगाबादचा. म्हणजे आमच्याकडचा. आज त्या शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे, पण घाशीरामाच्या काळात ते औरंगाबादच होतं, आणि आमचा सगळा मुलूख, परभणी, पूर्णा, आमचं ताडकळससुद्धा, निजामाच्या अमलाखाली होता. तिथून हा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण नशीब काढायला पेशव्यांच्या पुण्यात गेला, नाना फडणविसांच्या मर्जीतला झाला आणि शहराचा कोतवाल बनला. १७९१ सालच्या ऑगस्टअखेर, श्रावणातली दक्षिणा घ्यायला आलेल्या तेलंगी ब्राह्मणांची एक टोळी त्याच्या बागेतली फळं तोडल्याच्या आरोपावरून कोंडून ठेवली गेली. खोली लहान, माणसं पुष्कळ. वीसाहून अधिक माणसं गुदमरून मेली. शहर खवळलं. ब्राह्मण नानांच्या दारात बसले. शेवटी घाशीरामाला हत्तीवर बांधून शहरातून फिरवलं आणि तेलंगी ब्राह्मणांच्या हवाली केलं. त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

या हकिगतीत मला नेहमी एक गोष्ट खटकते. मारला गेला तो बाहेरचा. त्याच्या आधी गुदमरून मेले तेही बाहेरचे. ज्यांनी दगड मारले तेही बाहेरचेच. पुणं मात्र जागच्या जागी, जसंच्या तसं. विजय तेंडुलकरांना हीच गोष्ट दिसली असावी असं मला वाटतं. अर्थात त्यांनी ती माझ्यासारखी मुद्दा मांडून सांगितली नाही. त्यांनी नाटक लिहिलं, आणि ते अशा माणसाच्या हाती दिलं की ज्यानं त्याचं गाणं केलं.

आज लिहायचं आहे ते या माणसाबद्दल. डॉ. जब्बार पटेल.

'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात राज्य नाट्यस्पर्धेत झाला. १९७२ म्हटलं की आमच्याकडे नाटक आठवत नाही, दुष्काळ आठवतो. 'बहात्तरचा दुष्काळ' हा आमचा शक आहे; त्याच्या आधीचं आणि त्याच्या नंतरचं, अशी घरातली वयं मोजली जातात. त्या डिसेंबरात आमच्या भागातली धडधाकट माणसं रोजगाराच्या कामावर खडी फोडत होती आणि पोरं सुकडीच्या रांगेत उभी होती. नगारखान्यातल्या टिपरीइतकाही आवाज त्या नाटकाचा आमच्यापर्यंत आला नाही. येणार कसा? हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. एकाच राज्यात, एकाच महिन्यात काय काय चालू असतं एवढंच सांगतोय.

डॉक्टरांचा जन्म २३ जून १९४२चा, पंढरपूरचा. (नाना फडणवीस १७४२चे. बरोब्बर दोनशे वर्षांचं अंतर. असल्या योगायोगांना अर्थ नसतो, पण मला ते आवडतात.) शाळा सोलापूरला. मग पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेज. डॉक्टर झाले ते लहान मुलांचे, आणि दवाखाना काढला दौंडला. दौंड म्हणजे रेल्वेचं जंक्शन, आमच्या पूर्णेसारखंच. तिथं माणसं गाडी बदलायला उतरतात. दिवसा पोरांचे ताप आणि जुलाब बघायचे, संध्याकाळी पुण्याला तालमीला जायचं. नानाची भूमिका करणारे मोहन आगाशे हेही त्याच कॉलेजातले, पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाले. एका नाटकात दिग्दर्शकही डॉक्टर आणि नायकही डॉक्टर! आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिनं पहिला प्रश्न विचारला असता, "मग पेशंट कोण?" :-)

हे दोघेही पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमधले, म्हणजे भालबा केळकरांच्या पी.डी.ए.मधले. ही हौशी संस्था. हौशी हा शब्द आपण जरा नाक मुरडून वापरतो, पण मराठी रंगभूमीवर सत्तरच्या दशकात जे काही नवं झालं त्यातलं निम्मंअधिक दिवसा नोकरी करणाऱ्या हौशी लोकांनीच केलेलं आहे.

आता मुद्द्यावर येतो. माझा एक भाचा जर्मनीत असतो. तो मध्यंतरी तिकडे ऑपेरा बघून आला आणि त्यानं फोनवर विचारलं, "मामा, गाणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, लिहिणारा तर दोनशे वर्षांपूर्वी मेलेला. मग पोस्टरवर दिग्दर्शकाचं नाव एवढं मोठं कशाला? तो करतो काय?" प्रश्न चांगला आहे. आणि त्याचं उत्तर आपल्या संगीत नाटकाच्या इतिहासात शोधायला गेलं तर सहजी सापडत नाही, कारण तिथं दिग्दर्शक नावाचा माणूस फार उशिरा आला.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झालं. तिथून आपलं संगीत नाटक मोजतात. कंपनीत तालीममास्तर असत. गोविंद बल्लाळ देवल हे त्यातलं मोठं नाव. ते नटाला शब्द कसा टाकायचा, हात कुठं न्यायचा ते शिकवत. पण पडदा वर गेला की राज्य गाणाऱ्याचं. बालगंधर्व पद घेऊन उभे राहिले की गोष्ट थांबे. शकुंतला असो की सिंधू, तिचं दुःख तीन-तीन 'वन्स मोअर' होईपर्यंत खोळंबून राही. याला मी नावं ठेवत नाही. ८ जुलै १९२१ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'मानापमान' केलं, त्याची आठवण सांगणारी म्हातारी माणसं पुढं पन्नास वर्षं त्याच आठवणीवर जगली. आपल्याकडे जी खरी ऑपेरा आहे ती हीच, असं म्हणणारे लोक आहेत, आणि आवाजाच्या बाबतीत ते बरोबरही आहेत. पण त्या नाटकात दिग्दर्शक शोधू नये. तो तिथं नव्हता, आणि लोकांना त्याची उणीवही भासत नव्हती.

मग बोलपट आले, कंपन्या बसल्या. १९६७मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आलं, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब. पुन्हा एकदा गाणं जिंकलं. त्यातही गाणाऱ्यांची गोष्ट होती म्हणून गाणं शोभलं.

'घाशीराम'मध्ये काय झालं ते पाहा. यात गाणं ढीगभर आहे. अभंग आहे, कीर्तन आहे, लावणी आहे, आरतीसारखं नमन आहे. संगीत भास्कर चंदावरकरांचं. ते रविशंकरांकडे सतार शिकलेले आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे. नाच बसवले कृष्णदेव मुळगुंदांनी. पण यात एकही पद असं नाही की जे एका गायकाचं म्हणून थांबून ऐकावं आणि 'वन्स मोअर' द्यावा. गाणं सगळ्यांचं आहे. ते थांबतच नाही, गोष्टीला ओढत पुढं नेतं. आणि ते गाणारी जी माणसं आहेत तीच नेपथ्य आहेत.

हा भाग जरा सविस्तर सांगायला हवा, कारण डॉक्टरांचं काम इथं आहे.

रंगमंचावर बारा ब्राह्मण एका रांगेत उभे. ती भिंत. प्रेक्षकांकडे तोंड करून ते गातात, डुलतात. मागे काय चाललंय ते आपल्याला दिसू देत नाहीत. मग भिंत फिरते, पाठमोरी होते, फुटते. तिच्यातून पुणं तयार होतं. बाग होते, वाडा होतो, बावनखणी होते, गर्दी होते. काम झालं की पुन्हा भिंत. एखादी वाईट गोष्ट घडणार असली की नेमकं तेव्हाच देवाचं नाव जोरात सुरू होतं. रात्रीची पापं आणि भजनाचा ठेका एकाच लयीत. घाशीराम आपली पोर गौरी नानाच्या पुढ्यात टाकतो आणि कोतवाली मिळवतो, तेव्हासुद्धा ही भिंत गातच असते. शेवटी दगड मारायची वेळ येते तेव्हा तीच माणसं पुढं होतात.

कागदावर हे चार ओळींच्या सूचनेत मावतं. रंगमंचावर ते उभं करायचं म्हणजे बारा माणसांना एका श्वासात गायला, एका पावलात हलायला शिकवायचं, आणि तरी प्रत्येकजण वेगळा माणूस दिसला पाहिजे. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडतं. लेखकाचे शब्द आणि संगीतकाराचे सूर आधीच असतात. माणूस कुठं उभा आहे, तो कुणाला झाकतोय आणि कुणाकडे पाठ करतोय, हे ठरवणारा तो दिग्दर्शक. 'घाशीराम'चा सगळा अर्थ त्या पाठीत आहे.

आणखी एक गोष्ट. ही भिंत पुण्यामुंबईच्या समीक्षकांना फार नवी वाटली. प्रयोगाबद्दल लिहिताना कुणी ब्रेख्तचं नाव घेतलं, कुणी ग्रीक कोरसचं. आमच्या गावात कुणालाही विचारा, हरिनाम सप्ताहात कीर्तनकाराच्या मागं काय असतं? टाळकऱ्यांची रांग असते. गळ्यात टाळ, पायात पावली, सगळे एकदम पुढं, एकदम मागं. बुवा बोलतो तेव्हा ते गप्प, बुवानं चरण टाकला की ते उचलणार. बुवा चुकलाच तर तेच सांभाळून घेणार, आणि श्रोत्यांच्या ते लक्षातही येणार नाही. टाळकऱ्यांची ही ताकद पंढरपुरात जन्मलेल्या माणसाला कुणी वेगळी शिकवायला लागत नसावी. हा माझा तर्क आहे, डॉक्टर असं म्हणाले आहेत असा माझा दावा नाही. पण आषाढीला ज्या गावाचे रस्ते टाळांनी भरून वाहतात त्या गावचा मुलगा पुढं माणसांची गाणारी भिंत उभी करतो, यात मला नवल वाटत नाही. तेंडुलकर मुंबईचे, कोकणी मुळांचे; त्यांनी आपल्याकडचे दशावतारी, खेळे असे प्रकार आणले. डॉक्टरांनी त्यात पंढरीचा टाळ घातला असं मी आपलं माझ्यापुरतं धरून चालतो.

आता भांडणाकडे येऊ. हे नाटक म्हटलं की ते टाळता येत नाही, आणि आमच्या घरातही ते झालेलं आहे.

आमचं घर ब्राह्मणांचं, हे इथं सांगितलं पाहिजे. आमचे थोरले काका पुण्यात नोकरीला होते आणि त्यांनी सत्तरच्या दशकात 'घाशीराम'चा प्रयोग पाहिला. त्यानंतर ते जन्मभर त्या नाटकाचं नाव काढलं की चिडत. त्यांचं म्हणणं मला समजायला पुष्कळ वर्षं लागली, कारण मी ते पुण्याच्या ब्राह्मणाचं म्हणणं समजत होतो आणि ते तसं नव्हतं. काका निजामी राज्यात वाढले. शाळेत उर्दू शिकले. रझाकारांच्या काळात घरातल्या बायकामुलांना रातोरात हलवावं लागलं ते त्यांनी पाहिलं. १७ सप्टेंबर १९४८ला ते सुटले, हा त्यांचाच शब्द. अशा पोराचा नाना फडणवीस कोण? तर ११ मार्च १७९५ला खर्ड्याच्या लढाईत निजामाला नमवणारा. पुण्याच्या पोराला नाना म्हणजे मेणवलीचा वाडा नाहीतर बेलबागेचं देऊळ. काकांना नाना म्हणजे खर्डा.

"ज्या माणसानं निजामाला गुडघे टेकायला लावले त्याला तुम्ही कमरेत वाकवून नाचवता?" असं ते मला म्हणाले होते. तुम्ही म्हणजे मी! मी तेव्हा कॉलेजात होतो आणि नाटक मी फक्त पुस्तकात वाचलेलं होतं.

मी त्यांना सांगायचो की तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नाही असं स्वच्छ म्हटलंय. सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम तयार करते आणि काम संपलं की त्याला लोकांच्या पुढ्यात टाकते, ही गोष्ट कुठल्याही काळाची आहे. त्यावर काका म्हणत, "मग नाव खोटं घ्यायचं होतं. नाव खरं घेता, तेव्हा इतिहासाचा आधार पाहिजे असतो तुम्हाला. कुणी जाब विचारला की म्हणता इतिहास नाही." याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर आहे असं नाही. नाव खरं घेतल्यामुळेच ते नाटक बोचतं हे खरं, आणि बोचावं म्हणूनच ते घेतलं हेही खरं. नाना मुत्सद्दी होता, त्यानं मराठी राज्य सावरलं, तो १८००च्या मार्चमध्ये गेला आणि तीन वर्षांच्या आत वसईचा तह होऊन इंग्रज घरात आले. हे नाटकात नाही. पण कोंडलेल्या खोलीत माणसं मेली तेव्हा कोतवाल कुणाचा होता, हेही इतिहासातच आहे, आणि ते काकांच्या नानात नव्हतं. मला विचाराल तर मी नाटकाच्या बाजूचा. पण काकांना मूर्ख समजणाऱ्या लोकांच्या बाजूचा मी नाही.

काका एकटे नव्हते. १९ प्रयोग झाल्यावर खुद्द पी.डी.ए.नंच नाटक थांबवलं. वाद संस्थेच्या आतलाच होता, आणि मला त्याची ही बाजू सगळ्यात दुखरी वाटते. बाहेरचा कुणी दगड घेऊन येण्याच्या आधीच घरातल्या वडीलधाऱ्यांनी दार लावलं. मग तरुण मंडळी बाहेर पडली. २७ मार्च १९७३ला 'थिएटर अकॅडमी' स्थापन झाली. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर आणि बाकीचे. जानेवारी १९७४मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं. १९८०मध्ये युरोपच्या दौऱ्याचं ठरलं तेव्हा पुन्हा वादळ. शिवसेनेचा विरोध, पेशव्यांची बदनामी परदेशात कशाला नेता असा सवाल. दौरा झाला. तिकडच्या लोकांनी डोक्यावर घेतलं.

यात एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. १९७२ साली पुण्यात पेशवाईवरचं हे नाटक बसवणाऱ्या माणसाचं नाव जब्बार पटेल होतं. विरोध पुष्कळ झाला, पण त्या सगळ्या वादाबद्दल मी जे काही वाचलं त्यात रोख बहुतेक तेंडुलकरांवर दिसतो. दिग्दर्शकाच्या धर्मावर बोट ठेवणारं मला फारसं आढळलं नाही. आमचे काकाही, रझाकारांची आठवण काळजात असलेला माणूस, डॉक्टरांच्या नावावरून कधी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचं भांडण नानाबद्दलचं होतं. आज असं नाटक त्या नावाचा माणूस बसवू लागला तर पहिला प्रश्न कोणता विचारला जाईल, ते तुम्हीच ठरवा. मी लिहीत नाही.

असो.

याच वर्षांत तिकडे जर्मनीत काय झालं तेही बघण्यासारखं आहे. बायरॉइट हे वाग्नरचं पंढरपूर. १९७६मध्ये तिथं 'रिंग' या चार भागांच्या ऑपेराचा शतकमहोत्सवी प्रयोग करायला पात्रिस शेरो नावाच्या तिशीच्या फ्रेंच दिग्दर्शकाला बोलावलं. त्यानं देवादिकांना एकोणिसाव्या शतकातल्या कारखानदारांच्या जगात आणून बसवलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, आरडाओरडा केला. आमच्या देवांची विटंबना चालवलीय, हा तोच सूर. आणि त्याच प्रयोगाला १९८०मध्ये, शेवटच्या वर्षी, प्रेक्षक कितीतरी वेळ टाळ्या वाजवत उभे होते. १९८० म्हणजे आपला घाशीराम युरोपात गेला तेच साल. शेरो डॉक्टरांपेक्षा दोन वर्षांनी लहान. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं काही कारण नाही. पण तिकडे ऑपेरा दिग्दर्शक म्हणून शेरोला पुढं एकामागून एक मोठी नाट्यगृहं मिळत गेली. आपल्याकडे डॉक्टरांना काय मिळणार होतं? आपल्याकडे असं नाट्यगृहच नाही की ज्याच्या पगारावर वाद्यवृंद आहे, गायकवृंद आहे, आणि जे दिग्दर्शकाला सांगतं की ये, वर्षभर घे आणि बसव. आपल्याकडे दौंडचा दवाखाना होता.

तरी त्यांनी एक ऑपेरा केलीच, आणि तीही खरोखरीची. जॉन गे नावाच्या इंग्रजानं १७२८मध्ये लंडनला 'बेगर्स ऑपेरा' केलं, इटालियन ऑपेराच्या श्रीमंती थाटाची टर उडवायला. त्यात नायक दरोडेखोर. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १९२८मध्ये, बर्लिनला ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी त्यावरून 'थ्री पेनी ऑपेरा' केलं. आणि त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९७८मध्ये, पु. ल. देशपांड्यांनी ते मराठीत आणलं. नाव काय ठेवावं? 'तीन पैशाचा तमाशा'. ऑपेरा या शब्दाला एवढा चपखल मराठी शब्द आजवर कुणाला सुचलेला नाही. गरिबाच्या खिशाला परवडणारी ऑपेरा म्हणजे तमाशाच की! आमचे आजोबा बैलगाडीनं माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जायचे. घोडे, उंट, गाढवांचा बाजार बघायला जातो असं घरी सांगायचे, आणि रात्र तमाशाच्या कनातीत काढायचे. त्यांना पुलंनी दिलेलं नाव लगेच कळलं असतं.

थिएटर अकॅडमीनंच ते केलं, दिग्दर्शन डॉक्टरांचं. त्यातला गुंड नायक अंकुश झाले होते नंदू भेंडे. हे पाश्चात्त्य रॉक गाणारे. त्याआधी मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवर 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ते ज्युडास झालेले होते. त्यांच्याबरोबर चंद्रकांत काळे, माधुरी पुरंदरे, रवींद्र साठे, रमेश टिळेकर अशी मंडळी. रमेश टिळेकर म्हणजे 'घाशीराम'मधला घाशीराम. म्हणजे एकाच प्रयोगात रॉकही आणि लावणीही आणि नाट्यसंगीताची नक्कलही. मला इथं 'घाशीराम'च्या पुढचं पाऊल दिसतं. तिथं सगळ्यांचा मिळून एक आवाज होता. इथं प्रत्येकाचा गळा वेगळ्या घराचा आणि तो तसाच ठेवायचा. विजया मेहतांनी त्याच्या थोडं आधी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेवित्झ यांच्यासोबत 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं होतं, तेही ब्रेख्तचंच. म्हणजे वारं होतंच. पण ऑपेरा हे नाव लावलेली गोष्ट आपल्या मातीत घट्ट रुजवून दाखवली ती 'तीन पैशाचा तमाशा'नं, असं माझं मत.

यानंतर डॉक्टर बहुतेक सिनेमाकडेच गेले. खरं तर आधीच गेले होते. 'सामना' (१९७४), 'जैत रे जैत' (१९७७), 'सिंहासन' (१९७९), 'उंबरठा' (१९८२) आणि पुढं २०००मध्ये आलेला इंग्रजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. नव्या पिढीला ते सिनेमाचे दिग्दर्शक म्हणूनच ठाऊक आहेत. राजकीय सिनेमे म्हणून 'सामना' आणि 'सिंहासन' यांच्यावर एवढं लिहून झालंय की मी त्यात भर घालत नाही.

पण 'जैत रे जैत'बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कादंबरी गो. नी. दांडेकरांची, माणसं कर्नाळ्याच्या परिसरातली ठाकर, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आणि गीतं ना. धों. महानोरांची. महानोर आमचे! पळसखेडचे, औरंगाबाद जिल्ह्यातले, शेतकरी. ते आणि डॉक्टर एकाच वर्षी जन्मलेले. या सिनेमात माणसं बोलतात त्याहून जास्त गातात. नाग्या ढोल वाजवणारा भगत, त्याला लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीला जिंकायचंय. मोहन आगाशे नाग्या, स्मिता पाटील चिंधी. आणि या सगळ्यांच्या भोवती गाणाऱ्यांचा एक मेळा, सूत्रधारासारखा. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो नुसता छान गाण्यांचा सिनेमा वाटला होता. 'घाशीराम'ची संहिता नीट वाचल्यावर पुन्हा पाहिला आणि कळलं की ती भिंतच आहे, फक्त डोंगरावर नेऊन मोकळी सोडलेली. तिथं ती काही झाकत नाही. गोष्ट सांगते, नाग्याच्या मागं उभी राहते, त्याच्यासाठी रडते. ज्यांना प्रयोग बघायला मिळाले नाहीत, म्हणजे आम्ही सगळे गावाकडचे, त्यांनी डॉक्टरांच्या रंगभूमीची कल्पना या सिनेमावरून करावी. मी तरी तशीच केली. महानोर ३ ऑगस्ट २०२३ला गेले तेव्हा आमच्याकडे दिवसभर याच सिनेमाची गाणी लावलेली होती.

आणि मग 'एक होता विदूषक' (१९९२). पटकथा पुलंची, गीतं पुन्हा महानोरांची, संगीत आनंद मोडक यांचं. तमाशातला सोंगाड्या सिनेमात जातो, मोठा होतो, राजकारणात ओढला जातो आणि हसवणंच विसरतो. लक्ष्मीकांत बेर्डे त्यात सोंगाड्या आहेत, आणि ज्यांनी त्यांना फक्त विनोदी सिनेमांत पाहिलंय त्यांनी हा जरूर पाहावा. सिनेमा फारसा चालला नाही. लोक हसायला गेले असणार. पण डॉक्टरांच्या सगळ्या कामात मला तो सर्वांत खासगी वाटतो: कनातीतून निघालेला माणूस मोठ्या पडद्यावर जाऊन काय कमावतो आणि काय हरवतो, हा प्रश्न विचारायला दुसरा कोण अधिकारी होता?

आमच्या मराठवाड्यातून या वाटेनं पुढं गेले ते वामन केंद्रे, बीड जिल्ह्यातले. 'झुलवा' हे त्यांचं नाटक जोगतिणींच्या आयुष्यावरचं, गाण्यानं आणि चौंडक्यानं भरलेलं. पुढं ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. त्यांच्यावर एकदा वेगळं लिहायचं आहे.

डॉक्टरांना शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद आधीच जाहीर झालं होतं. मग कोरोना आला आणि ते संमेलन लांबतच गेलं. शेवटी जानेवारी २०२४मध्ये पिंपरी-चिंचवडला झालं, तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते. मी त्या दिवशी थोरल्या काकांचं ट्रंकेतलं 'घाशीराम'चं पुस्तक काढून पाहिलं. हो, एवढं भांडूनही त्यांनी ते विकत घेऊन ठेवलं होतं. नानाच्या पहिल्या प्रवेशाच्या शेजारी समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला आहे: "खर्डा?"

त्या प्रश्नचिन्हाकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो.